पिशवी गेली, विटाळ राहिला

मागच्या वर्षावासात मुकुंदवाडीतल्या एका वस्तीच्या बुद्धविहारात आम्ही बायकांची बैठक घेतली. रविवारी दुपारी तिथे ग्रंथवाचन असते, त्यानंतरचा तासभर मागून घेतला होता. फळ्यावर विषय लिहिला : 'पाळी जाताना'. विहार कमिटीतल्या एका काकांनी तो वाचला आणि हळूच विचारले, "ताई, बुद्धमूर्तीसमोर हा विषय?" आम्ही म्हटले, "काका, तथागतांच्या संघात बायकाही होत्या." काका हसले नाहीत. चपला घालून बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसले. ऐकत मात्र होते.

चाळीसेक बायका होत्या. धुणीभांडी करणाऱ्या, बांधकामावर जाणाऱ्या, चिकलठाण्याच्या एमआयडीसीत पॅकिंगला जाणाऱ्या, दोन आशाताई, एक निवृत्त शिक्षिका. सुरुवातीला आम्ही विचारले, पाळी कुणाकुणाची गेली? हात वर झाले. त्यात एक हात जेमतेम चौतिशीतल्या बाईचा होता. बीडकडची, सहा हंगाम ऊसतोडीला गेलेली, आता नवऱ्याबरोबर शहरात बांधकामावर. आम्हाला वाटले तिला प्रश्न कळला नसावा. ती म्हणाली, "ताई, माझी गेली न्हाई, काढली. पिशवीच काढली ना. अठ्ठावीसची होते तवा." तेव्हापासून अंगात जाळ होतो, रात्री झोप लागत नाही, गुडघे धरतात. गावाकडे सासू म्हणते बाहेरचं आहे, अंगारा लाव.

तिच्या शेजारची मावशी तिला समजावत म्हणाली, "जाऊ दे बाई, विटाळ तरी गेला."

आम्ही समाजशास्त्र शिकलो, पण हे वाक्य आमच्या कुठल्याही पेपरात नव्हते. मावशी बौद्ध आहेत, घरात देव नाहीत, दर पौर्णिमेला विहारात येतात. तरी तोंडात शब्द विटाळ. रजोनिवृत्ती हा 'बायकांचा, दवाखान्याचा' विषय आहे, चळवळीचा नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी या एका शब्दापासून सुरुवात करावी. हा शब्द आपल्याला दोनदा लावला गेला आहे. बाईला लावला आणि जातीला लावला.

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात एक श्लोक आहे. कोणाला शिवल्यावर स्नान करून शुद्ध व्हावे याची त्यात यादी आहे. चांडाळ, रजस्वला, पतित, बाळंतीण आणि प्रेत. एकाच ओळीत. आपण २५ डिसेंबरला मनुस्मृती दहन दिन साजरा करतो, भाषणे करतो, पण चांडाळ आणि पाळीतली बाई हे मनूच्या हिशेबात एकाच रांगेत बसवलेले आहेत, हे त्या भाषणांत फार क्वचित येते. १९२७ साली महाडला जी जळाली त्यात ही रांगही होती.

बाबासाहेबांनी मात्र हे सोडले नव्हते. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथाच्या सुरुवातीलाच ते जन्म, मृत्यू, रजोदर्शन यांमुळे मानला जाणारा विटाळ आणि अस्पृश्यता यांची तुलना करतात. जगभरच्या प्राचीन समाजांत असा विटाळ मानला जाई, पण तो व्यक्तीपुरता आणि ठरावीक काळापुरता असे. शुद्धीचा विधी झाला की संपे. अस्पृश्याचा विटाळ मात्र जन्मभराचा, पिढ्यान्‌पिढ्यांचा आणि अख्ख्या समूहाचा. कुठल्याही पाण्याने न जाणारा. हा भेद त्यांनी जात समजावण्यासाठी केला. आम्ही तो एक पाऊल पुढे नेऊन बघतो. दलित बाईच्या वाट्याला दोन्ही आले. एक महिन्याच्या महिन्याला येणारा आणि पंचेचाळिशी-पन्नाशीत संपणारा, दुसरा न संपणारा. सवर्ण घरातल्या म्हातारीची पाळी गेली की तिला निदान देवघर आणि स्वयंपाकघर कायमचे मोकळे होत असे. आपल्या आजीची पाळी गेली, तेव्हा तिला गावच्या आडावर कोणी पाणी भरू दिले?

आणि ते चार दिवस 'बाहेर बसणे' तरी तिला कुठे होते? बाहेर बसायला आधी आत-बाहेर असे घर लागते, आणि रोज कामावर न जाता चालायला लागते. आपल्या आज्या-पणज्या पाळीत मोळ्या वाहत होत्या, सुगीत राबत होत्या. विटाळाचा कलंक मिळाला, विश्रांती नाही.

आपल्या स्त्रियांनी याविरुद्ध बोललेले नाही असे मात्र नाही. चौदाव्या शतकात चोखोबांच्या घरातल्या सोयराबाईने अभंगातून विटाळाच्या कल्पनेलाच प्रश्न केला. विटाळ देहातूनच येत असेल तर विटाळाशिवाय देह कोणाचा आहे, असा तिचा रोख आहे. १८५५ साली फुल्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे ही चौदा वर्षांची मातंग मुलगी 'ज्ञानोदय'मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिते, तेव्हा आपल्या बायका बाळंत होतात त्या वेळी त्यांच्या घरावर छप्परही नसते, हे ती ठणकावून सांगते. बाईचे शरीर आणि जात हे एकाच वाक्यात लिहिणारी ती मुलगी. बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये महारवाड्यातल्या बाळंतिणीची भूक आहे. पण पाळी जातानाची बाई आमच्या वाचनात कुठे ठळकपणे भेटली नाही. आपल्या साहित्यात आई आहे, बाळंतीण आहे, विधवा आहे. पन्नाशीतली, रात्री घामाने भिजून उठणारी, कोणाला काही न सांगणारी बाई नाही. आपल्या सगळ्यांच्या घरात मात्र ती होती.

आता कोणी म्हणेल, बाबासाहेबांना कशाला या विषयात ओढता? ओढत नाही, ते आधीपासून तिथेच उभे आहेत. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर ते बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर कामगार बाईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि तिच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकाने त्याचा भार उचलला पाहिजे, हा त्यांचा मुद्दा होता. पुढल्या वर्षी कायदा झाला. तिचे शरीर हा तिचा खासगी मामला नाही, तो श्रमाचा आणि मालकाच्या नफ्याचा प्रश्न आहे, हे त्या भाषणाचे मर्म. ऊसतोडीकडे वळू तेव्हा हे लक्षात ठेवावे.

१९३४ सालची गोष्ट तर आपल्या तरुणांनी पाठच केली पाहिजे. र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवत. लैंगिक जीवनाबद्दल वाचक जे प्रश्न विचारत, त्यांना ते छापून उत्तरे देत. त्यावरून अश्लीलतेचा खटला भरला गेला. मुंबईतल्या नामवंत वकिलांची काय कमी होती? कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले ते डॉ. आंबेडकर. गोलमेज परिषदा, पुणे करार या सगळ्या धामधुमीनंतर लगेचचा हा काळ. राजकीयदृष्ट्या एक पैशाचाही फायदा नसलेला खटला. मासिकाचा विषयच कामजीवन असेल आणि लोक मनातली शंका विचारत असतील, तर तिला उत्तर द्यायचे की नाही, हा त्यातला कळीचा मुद्दा होता. खटला ते हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. पण शरीराबद्दल प्रश्न विचारणे घाण नाही आणि उत्तर देणे गुन्हा नाही, ही बाजू बाबासाहेबांनी न्यायालयात मांडली. ओट्यावर बसलेल्या काकांना आम्ही ही हकिकत नंतर सांगितली. त्यांना ती ठाऊक नव्हती. खरे सांगायचे तर एम.ए. होईपर्यंत आम्हालाही नव्हती.

१० नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला. त्यामागचे भाषण बाबासाहेबांनी तयार केलेले होते. सभागृहाने ठराव फेटाळला. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद झाली. बाबासाहेबांनी तिथे मुलींना शिकवा, लग्नाची घाई करू नका, स्वच्छ राहा असे सांगितले, हे सगळ्यांना माहीत असते. त्या परिषदेचे ठराव कमी लोक वाचतात. गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका, रेल्वे इथे राबणाऱ्या बायकांना रजा मिळावी, इजा झाली तर भरपाई मिळावी आणि वीस वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्तिवेतन मिळावे, अशी मागणी त्यांत आहे. म्हणजे १९४२ साली आपल्या बायका चाळिशी-पन्नाशीतल्या थकलेल्या शरीराचा विचार ठरावात करत होत्या. पुढे आपणच तो धागा सोडला.

धम्माबद्दल थोडेसे. थेरीगाथेत आम्रपाली आपल्या म्हातारपणीच्या देहाचे एकेक अवयव घेऊन वर्णन करते. केस, डोळे, दात, स्तन, पाय; काहीच झाकत नाही. दहा मुलांची आई असलेली सोणा उतारवयात मुलांनी विचारेनासे केल्यावर संघात येते. भिक्षुणींच्या विनयात पाळीच्या कापडाचाही नियम आहे. ते सामाईक असे आणि वापर झाल्यावर दुसरीसाठी मोकळे करावे लागे. म्हणजे प्रश्न स्वच्छतेचा आणि वाटून घेण्याचा मानला, पापाचा नाही. विनयात भिक्षुणींवर भिक्खूंपेक्षा जास्त अटी आहेत, हेही आम्ही लपवत नाही. पण म्हातारी होणारी बाई स्वतःच्या शरीराबद्दल स्वतः बोलते, ही गोष्ट आपल्या परंपरेत अडीच हजार वर्षे जुनी आहे. विहारात 'हा विषय' चालतो, काका.

स्वातंत्र्यानंतर काय झाले? १९५२ साली कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला. आणीबाणीत पुरुषांच्या सक्तीच्या नसबंदीवरून सरकार पडले, आणि त्यानंतर तो सगळा भार बाईवर आला. मराठवाड्यातल्या खेड्यात नुसते 'ऑपरेशन' म्हटले की बाईच्या नसबंदीचे ऑपरेशन, हे सांगावे लागत नाही. पुढे गरोदरपणाची नोंद, दवाखान्यातले बाळंतपण, लसीकरण आले. २००५ नंतर आशाताई आल्या. २०१८ मध्ये जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना स्वस्तात पॅड देणारी अस्मिता योजना आली. या सगळ्याला आम्ही वाईट म्हणत नाही, त्यातून आपल्या बायकांचे जीव वाचले. पण या योजना ओळीने लावून बघा. मुलगी वयात आली की सरकार येते, पोट आले की येते, मूल झाले की येते, 'ऑपरेशन' झाले की जाते. गर्भ धरण्यापुरतेच तिच्या शरीराला महत्त्व. बैठकीतल्या दोन आशाताईंना आम्ही विचारले, पाळी जाण्याबद्दल तुमच्या रजिस्टरात रकाना आहे का? दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. १९९५ मध्ये इंडियन मेनोपॉज सोसायटी स्थापन झाली, डॉक्टरांच्या परिषदा झाल्या, मोठ्या शहरांत तपासण्या सुरू झाल्या. ते ज्ञान फी भरणाऱ्या बाईपर्यंत गेले. मुकुंदवाडीपर्यंत आले नाही, धारूर-केजच्या तांड्यापर्यंत तर नाहीच.

या रिकाम्या जागेत काय भरले गेले ते समजायला गडचिरोलीचा अभ्यास महत्त्वाचा आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता आणि त्याआधी कधी त्यासाठी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. यातले बरेच आजार साध्या औषधांनी बरे होणारे. 'अंगावरून पांढरं जातं' ही तक्रार घेऊन बाई कुठे जाणार? सरकारी दवाखान्यात ती गरोदर नसेल तर तिच्यासाठी रांग नाही. मग ती खासगीत जाते. तिथे सोनोग्राफी होते, 'पिशवीला सूज आहे', 'पिशवी सडली', 'कॅन्सर होईल' असे सांगितले जाते. मुले झालेलीच आहेत, आता पिशवीचा उपयोग काय?

पिशवी हा शब्दच बघा. गर्भाशयाला आपण पिशवी म्हणतो. माल काढून झाला की पिशवी टाकून देता येते.

ही विचारसरणी बीडपासून सुरू झाली नाही. १९९४ साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्यात सरकारी रुग्णालयात काढली गेली. कारण काय, तर त्यांना पाळीची स्वच्छता जमत नाही आणि कर्मचाऱ्यांना त्रास होतो. स्त्री संघटनांनी आवाज उठवला तेव्हा ते थांबले. पुढे राजस्थानातले दौसा, मग बिहार आणि छत्तीसगड इथून विम्याच्या आणि नफ्याच्या मागे लागून केलेल्या गर्भाशय शस्त्रक्रियांच्या बातम्या येऊ लागल्या. डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी २०१३ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. अशा शस्त्रक्रियांना बळी पडणाऱ्यांत दलित, आदिवासी आणि इतर मागास स्त्रिया मोठ्या प्रमाणात आहेत, हे त्या प्रकरणात पुढे आले. निकाल लागायला ५ एप्रिल २०२३ उजाडले. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने २०२२ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचना राज्यांनी लागू कराव्यात, असा आदेश झाला. बाईचे गर्भाशय काही दिवसांत जाते, त्याच्याबद्दलचा आदेश यायला दहा वर्षे लागतात.

आता बीड. आपल्याच विभागातला जिल्हा, इथून तीन तासांच्या रस्त्यावर. दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात, मार्च-एप्रिलमध्ये परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम हंगामाआधी कोयत्याला उचल देतो. ती आगाऊ मजुरी, म्हणजे खरे तर कर्ज. मग ते फेडेपर्यंत तोड. पहाटे चारला फडात, डोक्यावर मोळी, गाडी भरायला रात्र. एका दिवसाचा खाडा पडला की पाचशे रुपयांपर्यंत दंड कापल्याच्या तक्रारी बायकांनी वारंवार सांगितल्या आहेत. पाळीत पोट दुखले म्हणून बाई कोपीत पडून राहिली, तर त्या कोयत्याचे काम थांबते, दंड दोघांच्या अंगावर येतो. फडावर संडास नाही, न्हाणी नाही, पाणी लांब. ओले कापड तसेच घालायचे. जंतुसंसर्ग होणार नाही तर काय होणार? पंधरा-सोळाव्या वर्षी लग्न, कारण कोयता जोडीने लागतो. विशीत दोन-तीन मुले आणि 'ऑपरेशन'. तिशीच्या आत-बाहेर पिशवी.

एप्रिल २०१९ मध्ये हे इंग्रजी वर्तमानपत्रातून देशासमोर आले, राष्ट्रीय महिला आयोगाने राज्याला नोटीस दिली. जूनमध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधिमंडळात सांगितले की बीड जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशये काढली गेली. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्यासाठी बीडच्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांचे सर्वेक्षण झाले आणि त्यातल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. सहातली एक. देशाचे चित्र ताडून बघा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण ३.२ टक्के होते, महाराष्ट्रात त्याहून थोडे कमी. त्यातल्या दोन तृतीयांश शस्त्रक्रिया खासगीत. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तेव्हाचे मंत्री नितीन राऊत यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून अशा बायकांची संख्या ३० हजारांच्या घरात असल्याचे म्हटले. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खासगीत गर्भाशय काढायचे नाही, असा नियम बीडमध्ये आला. तरी जून २०२५ मध्ये आरोग्य विभागाच्याच अहवालावरून बातमी आली की हंगामाला जाण्याआधी ८४३ ऊसतोड बायकांनी गर्भाशय काढले होते आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक तीस ते पस्तीस वयाच्या. म्हणजे नियमातूनही वाट निघते.

यावर आमचे काही डॉक्टर मित्र सांगतात की बायका स्वतःच मागणी करतात, 'काढून टाका कटकट' म्हणतात. खोटे नाही. आम्हीही हे ऐकले आहे. पण उचल अंगावर असलेल्या, दंडाला भ्यालेल्या, कॅन्सरच्या नावाने घाबरवलेल्या आणि पिशवी काढल्यावर शरीराचे काय होते हे कधीच न सांगितलेल्या बाईच्या होकाराला संमती म्हणायचे का? शस्त्रक्रियेचे पैसे तरी कुठून येतात? पुन्हा मुकादमाच्या उचलीतून. म्हणजे पाळी थांबवायला ती कर्ज काढते, आणि ते फेडायला पाळीशिवाय राबते. ऊसतोडीत वंजारी आहेत, बंजारा आहेत, मातंग-बौद्ध आहेत, कोरडवाहू मराठा कुटुंबेही आहेत. १९२८ चे भाषण आठवा. श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकाने बाईच्या शरीराचा भार उचलावा, असे बाबासाहेब म्हणत होते. इथे कारखान्याने तो मुकादमावर टाकला, मुकादमाने नवऱ्यावर, नवऱ्याने बाईवर, आणि बाईने आपले गर्भाशय देऊन तो फेडला.

बैठकीत आम्ही जे सांगितले ते इथेही सांगतो, कारण हे वाचणाऱ्या तरुणांपैकी बहुतेकांना आपल्या आईबद्दल एवढेही माहीत नसते. पाळी सलग बारा महिने आली नाही, तर ती गेली असे मानतात. बहुतेकींची ४५ ते ५५ च्या दरम्यान जाते. भारतात सरासरी ४६-४७ च्या आसपास, म्हणजे पाश्चात्त्य देशांच्या चार-पाच वर्षे आधी. त्याआधी काही वर्षे पाळी मागेपुढे होते, कधी जास्त जाते. अंडाशयातून येणारे इस्ट्रोजेन कमी होत जाते. त्यामुळे अंगातून एकदम गरम वाफा निघतात, घाम फुटतो, झोप मोडते, जीव घाबरा होतो, चिडचिड होते, लघवीला जळजळ होते, संबंधाच्या वेळी दुखते. आतल्या आत हाडे विरळ होत जातात, ते तर कळतही नाही. हा आजार नाही, करणी नाही, बाहेरचं नाही. पण एकदा पाळी पूर्ण गेल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर मात्र अंगारा-धुपारा न करता तपासून घ्यायचे.

आणि नुसते गर्भाशय काढले, अंडाशय ठेवले, तर पाळी थांबते, पण इस्ट्रोजेन लगेच थांबत नाही. मात्र अंडाशये वेळेआधी थकण्याचा धोका असतो. अंडाशयेही काढली तर जो बदल शरीराने काही वर्षांत सावकाश करायचा, तो एका रात्रीत होतो. अठ्ठाविसाव्या वर्षी हाडांचे आणि हृदयाचे म्हातारपण सुरू होते. अशा बाईला औषधोपचार आणि तपासण्या लागतात. रजोनिवृत्ती या शब्दात निवृत्ती आहे. ऊस तोडणाऱ्या बाईला कशापासून निवृत्ती मिळाली? दुसऱ्या हंगामात ती पुन्हा मोळी घेऊन फडात असते.

हे लिहिताना आपल्या चळवळीला चार शब्द ऐकवल्याशिवाय राहवत नाही. या शहराने नामांतरासाठी सोळा वर्षे लढा दिला. मिलिंद महाविद्यालयाने आपल्याला बोलायला शिकवले. आमच्यासारख्या मुली नागसेनवनातूनच शिकून बाहेर पडल्या. त्याच चळवळीच्या अभ्यासवर्गात संविधान, आरक्षण, बौद्ध लेणी, सगळे विषय असतात. आईचे शरीर नसते. जयंतीच्या वर्गणीतून डीजेला किती जातात हे प्रत्येक मंडळाला माहीत आहे, आम्ही आकडा सांगणार नाही. पण स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना एका दुपारसाठी विहारात आणायचे म्हटले तर रिक्षाभाड्यावर चर्चा होते. मनू जाळायचा आणि 'विटाळ गेला' म्हणून घरातल्या बाईने सुटकेचा श्वास टाकला, तर तिकडे दुर्लक्ष करायचे? मावशींच्या तोंडी तो शब्द त्यांच्या चुकीने राहिलेला नाही. दुसरा शब्द आपण त्यांना कधी दिलाच नाही. त्या दिवशी आम्ही मागून बघितले. कोणी 'पाळी गेली' म्हणाली, कोणी 'बंद झाली'. निवृत्त शिक्षिका 'रजोनिवृत्ती' म्हणाल्या, तेव्हा बायका हसल्या. मावशींनी दोनदा 'पाळी गेली' म्हणून बघितले आणि मग म्हणाल्या, "जमंल."

बैठक संपल्यावर ती चौतिशीतली बाई थांबली. पिशवीतून, म्हणजे कॅरीबॅगमधून, तिने प्लॅस्टिकमध्ये घातलेला एक घडीचा कागद काढला. सहा वर्षांपूर्वीचे डिस्चार्ज कार्ड. घरे बदलली, गाव बदलले, कागद सांभाळून ठेवला, कारण "कागद असावा" एवढे तिला ठाऊक होते. तिला वाचता येते, पण मराठी. कार्डावर इंग्रजीत एक ओळ होती : टीएएच विथ बीएसओ. आम्ही ते अक्षर पुन्हा पुन्हा बघितले, आशाताईला दाखवले, मग ओळखीच्या डॉक्टरांना फोटो पाठवून खात्री केली. गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशयेही काढली होती. अठ्ठाविसाव्या वर्षी. सहा वर्षांत तिला हे कोणी सांगितले नव्हते.

आम्ही ते मराठीत एका कोऱ्या कागदावर लिहून दिले, घाटीच्या ओपीडीत दाखवण्यासाठी. सोमवारी एक आशाताई तिच्याबरोबर जाणार असे ठरले. तिने कागद वाचला, घडी घातली, आणि विचारले, "ताई, दिवाळीच्या आत टोळी निघंल. माझ्या जावंला पण डॉक्टरनं तारीख दिलीया, पुढच्या आठवड्याची. तिला सव्वीस चालूय." मग तिने फोन लावला, दोनदा लागला नाही, तिसऱ्यांदा लागला, आणि काही न बोलता तो आमच्या हातात दिला.